टीव्हीच्या डब्याला दुसरा मेंदू

माणूस शहाणा आहे की नुसताच शिकलेला, हे ओळखायची आक्कांची एक साधी कसोटी होती. त्याच्या हातात बंद पडलेली वस्तू द्यायची आणि तो पहिलं काय बोलतो ते ऐकायचं. "कुणाला तरी दाखवू या," म्हणाला तर शहाणा. "आणा इकडे," म्हणाला तर वस्तूची आशा सोडायची. जावईबापू गेली अठरा वर्षं "आणा इकडे" म्हणत होते, आणि तेवढ्या काळात आक्कांची इस्त्री, भिंतीवरची दोन घड्याळं आणि न्हाणीघरातला गिझर त्यांच्या हातून सुटले होते. कायमचेच सुटले.

तसे ते सरकारी खात्यात लिफ्ट तपासनीस. म्हणजे कुणाच्या तरी इमारतीत जायचं, लिफ्टमध्ये डोकं घालून हं हं करायचं, दोनदा बटण दाबायचं आणि कागदावर सही ठोकायची. स्वतः मात्र आक्कांच्या चौथ्या मजल्यावर जिन्याने धापा टाकत यायचे. "व्यायाम होतो," म्हणायचे. आक्का म्हणायच्या, "व्यायाम कसला! या इमारतीच्या लिफ्टवर यांचीच सही आहे."

त्या सोमवारी आक्कांचा डबा रुसला. डबा म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला, साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. इंटरनेटवरची चित्रं हवेतून ओढून टीव्हीवर आणायची, एवढंच त्याचं काम. सकाळी लावला तर चित्राऐवजी पाटी आली: 'ही सेवा या यंत्रावर आता उपलब्ध नाही. कृपया नवीन यंत्र घ्यावे.' आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पाटी त्यांनी तीनदा मोठ्याने वाचली. "कृपया म्हणे! मारायचं आणि वर पाय लागला म्हणून नमस्कार करायचा."

एरवी आठवडाभर डबा बंद राहिला असता तर आक्कांचं काही अडलं नसतं. पण शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नातीची उंच उडी होती. लेकीची एकुलती एक, सतरा वर्षांची. आईबाप दोघं नोकरीला, म्हणून पोर आक्कांच्याच हाताखाली वाढलेली. स्पर्धा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, लेक तिच्याबरोबर गेलेली. आणि आक्कांनी नातीला मैदानात उडताना आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. गुडघे स्टेडियमच्या पायऱ्या चढू देत नव्हते. घरी आणलेले कप तेवढे पाहिले, पुसले आणि ओळीत लावले. कप बघून पोर कशी उडते ते कळत नाही. भांडं बघून स्वयंपाक कळतो का?

"आई, फोनवर बघ ना," लेक फोनवर म्हणाली.

"त्या तळहाताएवढ्या काचेत पोर डासाएवढी दिसायची. डास बघायला मला काच लागत नाही, घरात पुष्कळ आहेत."

"मग नवा डबा घे. उद्या घरी येतो."

तोवर जावईबापू जिना चढून दारात पोचले होते. श्वास आत घेतला आणि तोच बाहेर सोडताना म्हणाले, "आणा इकडे."

मग त्यांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि खुर्चीत बसून प्रवचन सुरू केलं. "आक्का, याचं शरीर ठणठणीत आहे. म्हातारा झालाय तो आतला मेंदू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तिला. कंपनीने तिच्यावरचा हात काढून घेतला. पण जगात हौशी लोक असतात, ते दुसरी सिस्टीम बनवून फुकट वाटतात. ती एका छोट्या कार्डावर उतरवायची, कार्ड डब्यात खुपसायचं, की डबा त्या कार्डावरून उठतो. जुना मेंदू आत तसाच झोपलेला."

"म्हणजे एका डब्यात दोन मेंदू?"

"अगदी बरोबर."

"मग एक तुम्ही ठेवून घ्या की."

खरं तर तिथेच विषय संपायचा. आक्का लेकीला 'मागव नवा' म्हणून सांगणारच होत्या. पण तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे टंकलेखक शिडी परत करायला आले. कचेरीत छत्तीस वर्षं टाइप करून निवृत्त झालेला माणूस. आता बोटं रिकामी, म्हणून तोंड चालवायचा. सगळं ऐकून ते हसले आणि म्हणाले, "नवाच घ्या हो आक्का. जावयांना काही झेपायचं नाही ते."

आक्कांच्या नाकपुड्या फुगल्या. जावयाला नावं ठेवणं हा सासूचा हक्क. तो तिसऱ्या मजल्याला कुणी दिला?

"आमचे जावईबापू करतील," आक्का म्हणाल्या. "शनिवारी पाचला या तुम्ही. वहिनींनाही आणा. सगळ्या इमारतीला सांगा, येताना आपापली खुर्ची घेऊन या म्हणावं."

शब्द तोंडातून गेला तो गेला. जावईबापूंची छाती मात्र तेवढ्यात दोन इंच पुढे आली.

मंगळवारी कळलं की दुसरा मेंदू असा सरसकट चालत नाही. प्रत्येक जातीच्या डब्याला वेगळी फाईल लागते, आणि आपला डबा कुठल्या जातीचा ते त्याच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. जावईबापूंनी डबा उलटा केला. पोट आरशासारखं चकचकीत.

"आक्का, इथली चिठ्ठी?"

"काढली."

"काढली?"

"गरम पाण्यात फडकं बुडवून, घासून काढली. घरात वस्तू आली की दुकानाची चिठ्ठी ठेवायची नसते. आपलं घर आहे, गोदाम नव्हे."

त्या घरात खरंच कशावरही चिठ्ठी नव्हती. फ्रिज, पंखा, बादल्या, सगळं कसं जन्मल्यासारखं स्वच्छ. जावईबापूंनी एक लांब सुस्कारा सोडला. आक्कांना तो सुस्कारा आवडला नाही. ज्याने गिझर मारला त्याने चिठ्ठीसाठी सुस्कारे सोडू नयेत.

मग कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन झाला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. मध्ये तीस मिनिटं बासरी. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली.

"आपल्या यंत्राचा क्रमांक सांगाल का?"

"तोच विचारायला फोन केलाय," जावईबापू म्हणाले.

"क्रमांक यंत्राच्या खालच्या बाजूला असतो, सर."

"तो निघालाय."

"मग यंत्र सुरू करून सेटिंगमध्ये बघा, सर."

"ते त्या पाटीच्या पुढे जात असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

"तक्रार नोंदवण्यासाठी आपल्या यंत्राचा क्रमांक सांगाल का, सर?"

आक्कांनी फोन हातातून काढून घेतला. "बाळ, तुझ्या आईला तुझी जन्मखूण माहीत आहे ना? मग तुम्ही केलेला डबा तुम्हाला ओळखता येत नाही?" मुलीने बासरी लावून दिली.

शेवटी जावईबापूंनी हिशेब मांडला की अशा दिसणाऱ्या डब्यांच्या एकूण एकोणीस फायली आहेत. एकेक लावून बघायची. "सोपं आहे," म्हणाले. हा शब्द ऐकला की आक्का जवळपासच्या वस्तू उचलून कपाटात ठेवायच्या.

बुधवारी वेळ वाचवायला म्हणून त्यांनी टंकलेखकांचा पेनड्राइव्ह मागून आणला. त्यावर नवी सिस्टीम उतरवली. उतरवताना संगणकाने विचारलं की यावरचं आधीचं सगळं पुसू का, आणि जावईबापूंनी, कागदावर सही करायची सवय असल्यामुळे, न वाचता होकार दिला. पुसलं गेलं ते टंकलेखकांचं आत्मचरित्र. तीनशे बारा पानं.

ते ऐकून टंकलेखक आक्कांच्या सोफ्यावर मटकन बसले. आक्कांनी पाणी दिलं, पण मनात म्हणाल्या, जावयाच्या हातून जगावर हा पहिला उपकार घडला. दुर्दैवाने तो फार टिकला नाही. टंकलेखकांनी आयुष्यभराच्या शिस्तीने जुन्या टाइपरायटरवरही तीन कार्बन प्रती काढून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्याच संध्याकाळी त्यांनी 'सावकाश वाचा' म्हणून आक्कांना आणून दिली. आणि एवढं करून डबा पेनड्राइव्हवरून उठलाच नाही. त्याला म्हणे कार्डच लागतं, तेही खास वेगाचं, इथल्या दुकानात न मिळणारं. जावईबापूंनी ते तातडीने मागवलं, आक्कांच्या पत्त्यावर.

कार्ड आलं शुक्रवारी, तेही दारात नाही. आक्कांचा दुपारी डोळा लागला तेवढ्यात कुरिअरवाला खाली येऊन गेला आणि पत्रपेटीत चिठ्ठी टाकून गेला: कचेरीत येऊन घेऊन जावे. आक्का जावयाला घेऊन निघाल्या. कचेरी म्हणजे तळघरातली खोली. समोर काच, काचेला छातीएवढ्या उंचीवर भोक, आणि दोरीने बांधलेलं पेन, जणू कुणी ते चोरून त्याच्यावर राज्य करणार होतं.

काचेमागच्या बाईने आक्कांचं ओळखपत्र घेतलं, पार्सल बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं.

"नाव जुळत नाही."

"का बरं?"

"पार्सल आलंय 'आक्का' या नावाने. ओळखपत्रावर आक्का कुठेय?"

"मीच ती आक्का."

"पुरावा?"

"पुरावा काय असतो आक्का असण्याचा? तुमच्या आजीकडे आजी असल्याचा दाखला आहे?"

"बाई, ज्याने मागवलं त्याने खरं नाव घालायला हवं होतं."

आक्का सावकाश वळल्या. जावईबापू भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं तपासत होते, त्यावर सही करायची असल्यासारखे.

"जावईबापू, माझं नाव काय?"

"म्हणजे... आक्का."

"कागदावरचं."

जावईबापूंच्या कपाळावर घाम आला.  मागे रांगेत चार माणसं होती. ती चारही ऐकायला पुढे सरकली. "लग्नपत्रिकेत होतं," शेवटी ते पुटपुटले. "मी वाचलं होतं."

अठरा वर्षं. अठरा वर्षं या माणसाने आक्कांच्या हातचं खाल्लं, आजारपणात आक्कांच्या हातचे काढे घेतले, आक्कांची पोरगी नेली, आणि नाव विचारलं नाही. काचेमागच्या बाईने इतका वेळ आक्कांकडे पाहिलं नव्हतं, ती आता बघायला लागली. तिलाही जावई असावा.

"एक मार्ग आहे," ती आवाज खाली आणून म्हणाली. "नावातील तफावतीचा अर्ज. दोन साक्षीदार लागतील, तुम्हाला आक्का म्हणून ओळखणारे. हे चालणार नाहीत, यांनीच चूक केलीय."

मग इमारतीत फोन गेला. टंकलेखक आणि पहिल्या मजल्यावरची नर्स रिक्षाने आले. टंकलेखकांनी अर्जातल्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि रिकाम्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर बाई गेली तीस वर्षे आक्का असून, त्या दुसऱ्या कोणी असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.' खाली आक्कांनी अभिमानाने सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच नुसती 'आक्का' अशी.

बाईने सही बघितली. "ही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही."

आक्कांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने पार्सल भोकातून बाहेर ढकललं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. परतीच्या वाटेवर जावईबापूंनी दोनदा घसा खाकरला. आक्का रिक्षाबाहेर बघत होत्या.

शनिवारी दुपारी एकपासून शस्त्रक्रियेला सुरुवात झाली. आधीच सांगायचं तर डब्याच्या मागे आवाजाच्या वायरसाठी एक गोल भोक असतं, आणि त्या भोकाच्या तळाशी एक बटण लपवलेलं असतं. दात कोरायच्या काडीने ते दाबून धरायचं आणि त्याच क्षणी वीज द्यायची, तरच डबा नव्या मेंदूवरून उठतो. शिकल्यासवरलेल्या माणसांनी बटण केलं आणि ते लपवून ठेवलं, वर दाबायला काडी घ्या म्हणाले. आक्कांना यात काही नवल वाटलं नाही.

जावईबापू टेबलाखाली पालथे झाले. विजेचं बटण कपाटामागे, तिथे आक्का.

"लावा!"

आक्कांनी लावलं.

"उशीर झाला! बंद करा. लावा!"

"आता?"

"आता लवकर झालं!"

"तुमची पोरगी सेकंदात दांडी ओलांडते, जावईबापू. तुमचं एक बटण दाबून होत नाही?"

तिसऱ्या फायलीला काडी भोकात मोडली. तोवर गंमत बघायला आलेल्या टंकलेखकांनी विणायची सुई सुचवली, त्यांच्या बायकोने केसातला आकडा काढला. नर्स म्हणाली, "धातू नको, शॉक बसेल." तिने घरून प्लास्टिकचा चिमटा आणला, टॉर्च तोंडात धरला आणि काडीचा तुकडा असा अलगद काढला की जावईबापूंनी उठून टाळी वाजवली. टेबलाला डोकं आपटलं ते वेगळं.

एकोणीसातल्या अकराव्या फायलीला, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, टीव्हीवर काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं धावायला लागली.  अक्षरं थांबली, पडदा निळा झाला, आणि नवा मेंदू जागा झाला. जावईबापू उभे राहिले, कंबरेवर हात ठेवले. "म्हटलं नव्हतं?"

"आता रिमोट दाबा," आक्का म्हणाल्या.

रिमोट दाबला. काही नाही. नव्या मेंदूची जुन्या रिमोटशी ओळख नव्हती. त्याला कळफलक हवा होता. तोही टंकलेखकांकडेच होता, आणि तो घेऊन ते आले तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून आले. स्पर्धेच्या वेबसाइटचा पत्ता सांगताच त्यांची दहा बोटं अशी सुटली की डबा मागे पडला; त्यांनी सगळं टाइप करून हात मांडीवर ठेवल्यावर अर्ध्या मिनिटाने पडद्यावर अक्षरं उगवायची. त्या तीन तासांत कामाचं काही केलं असेल तर ते नर्सने आणि टंकलेखकांनी. पण श्रेय जावयालाच जातं, ही जगाची रीत आक्कांना चांगली माहीत होती.

पाचला दहा माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन बसली. आणि मैदान दिसलं. हिरवं, लखलखीत, भिंतीएवढं. आक्का चष्मा पुसत राहिल्या. तो आधीच स्वच्छ होता.

नात दिसली. वेणी घट्ट बांधलेली, पाठीवर कागदाचा क्रमांक. बाकीच्या मुली एकेक करून गळाल्या, शेवटी दोघी उरल्या. दांडी एक मीटर अठ्ठ्याहत्तरवर. दुसऱ्या मुलीने ती ओलांडली होती. नातीची दोनदा पडली होती, हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. पोरीने मांडीवर दोन थापा मारल्या, वाकडी वाट घेत धावली, एका पायावर उठली, दांडीकडे पाठ केली आणि

चित्र थांबलं.

आवाजही गेला. मधोमध एक पांढरं चाक फिरायला लागलं. नात हवेत. पाठ कमानीसारखी वाकलेली, तोंड उघडं, वेणी सरळ खाली लोंबलेली, दांडी कंबरेखाली बोटभर. टाचा अजून अलीकडे.

"काडी! काडी द्या कुणी तरी!" जावईबापू टेबलाकडे धावले.

"डब्याला हात लावाल तर याद राखा!" आक्का म्हणाल्या. असा आवाज इमारतीने पूर्वी कधी ऐकला नव्हता. जावईबापू होते तिथेच थिजले. टंकलेखकांनी खिशातून फोन काढला, आक्कांनी बघितलं, त्यांनी परत ठेवला.

आक्का उठून टीव्हीपाशी गेल्या. जवळून बघितलं. अशी उडते होय पोर. एवढी उंच, आणि खाली बघतसुद्धा नाही.

फोन वाजला. लेकीचा.

"आई, पडली गं दांडी. टाच लागली. दुसरी आली ती. नुसती रडतेय, ऐकतच नाही कुणाचं. बोल तिच्याशी."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "आजी, पडली."

"कोण म्हणतं?"

"कोण काय म्हणतं? पडली! पंचांनी लाल झेंडा दाखवला."

"तुझ्या पंचांना इकडे पाठव. मी टीव्हीपुढे उभी आहे. दांडी जागेवर आहे आणि तू तिच्यावर आहेस. इथे दहा माणसं बसलीत, साक्ष हवी तर लेखी देतील. टंकलेखक तर मागे लागून देतील."

"आजी, तुमच्याकडचं चित्र अडकलंय गं."

"अडकू दे. तुझ्या बापाने आठवडाभर राबून अडकवलंय, तो काय उगाच?" जावईबापू पडद्याकडे बघत होते. त्यांचीही पोर होती ती. त्यांचं तोंड उघडं होतं, अगदी तिच्यासारखंच. आक्कांनी पायानेच एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

पलीकडे रडण्यातच हसू मिसळलं आणि दोन्हींचा घोटाळा झाला. "अगं आजी, मी कधीच खाली आलेय."

"तुझं तू बघ," आक्का म्हणाल्या आणि खुर्चीत नीट बसल्या. "आम्हाला काही घाई नाही."